सौर पंपावर ठिबकचे ऑटोमेशन करायचे आहे. आधी काय बसवावे?

मळेकरी (जुन्नर)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबला आहे, पण परिस्थिती सांगितल्याशिवाय कोणालाही नेमके उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची जुन्नर तालुक्यात चार एकर जमीन आहे. एक एकर डाळिंब आहे आणि तेही भारी काळ्या जमिनीत. उरलेल्या तीन एकरांत टोमॅटो, कांदा आणि घरापुरता गहू अशी फेरपालट चालते. आजवर सगळे पाणी चुलत्यांबरोबरच्या सामाईक विहिरीवरून घेत आलो. तिथे चार दिवसांनी आमची पाळी येते. शेतीची वीज चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री मिळत असल्यामुळे ती पाळी रात्रीची आली की सत्तरीला टेकलेले वडील एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, शेजारच्या उसाच्या कडेने, मोबाइलवर मोठ्याने भजन लावून व्हॉल्व्ह फिरवायला जातात. भजन भक्तीपोटी नसते. उसात बिबट्या असेल तर त्याला लांबूनच माणसाची चाहूल लागावी, एवढाच हेतू असतो. आमच्या भागात ही भीती काल्पनिक नाही, हे जुन्नरकरांना सांगायला नको. मी चाकणला नोकरीला असल्याने शनिवार-रविवारीच गावी असतो.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे वीजबिल माफ आहे, त्यामुळे आमची अडचण बिलाची नाही, वीज येण्याच्या वेळेची आहे. गेल्या वर्षी आमच्या स्वतंत्र गटात २२० फूट बोअर घेतले. मे महिन्यात त्यात पाणी ११५ ते १२० फुटांवर असते. तिथे वीजजोडणी नसल्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज केला. अडीच ते पाच एकरांच्या गटात ५ अश्वशक्तीचा पंप मंजूर झाला आणि आमचा दहा टक्के हिस्सा भरूनही झाला. महिन्याभरात पॅनेल उभी राहतील अशी चिन्हे आहेत.

आता खरा प्रश्न. एका विक्रेत्याने आम्हाला संपूर्ण ऑटोमेशनचा प्रस्ताव दिला आहे. त्यात मोबाइलवरून चालणारा कंट्रोलर, आठ विद्युत व्हॉल्व्ह, जमिनीतील ओलाव्याचे सहा सेन्सर, खते सोडण्याची व्यवस्था आणि शेवटी पॅनेल पुसणारा एक छोटा रोबोसुद्धा आहे. पंपासाठी आम्ही जो हिस्सा भरला, त्याच्या साधारण पाचपट ही रक्कम होते. ‘वडिलांना शेतात पाऊल ठेवावे लागणार नाही’ असे तो ठामपणे सांगतो. वडिलांचे म्हणणे असे की, मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय वाफसा कळत नाही आणि ते काम तारेला कळणार नाही. मला दोघांचेही थोडे थोडे पटते. सगळे एकदम घेण्याइतके पैसे हाताशी नाहीत. सौर पंपावर ऑटोमेशन प्रत्यक्ष चालवणाऱ्यांनी सांगावे: यातले खरोखर चालते काय, आणि आधी काय बसवावे?

डाळिंबवाला (संगमनेर)

मळेकरी, तुमच्या विक्रेत्याचा प्रस्ताव न पाहताही एक गोष्ट सांगतो. त्याने बहुधा विजेच्या पंपावर चालणारी मांडणी उचलून सौर पंपावर ठेवली असेल. मीही तीन वर्षांपूर्वी तसेच केले आणि पहिला उन्हाळा दुरुस्तीतच गेला.

विजेची मोटार चालू असते किंवा बंद असते. सौर मोटार दिवसभर कमीजास्त होत राहते. पॅनेलवर निम्मे ऊन असेल तर मोटारीला निम्मी ताकद मिळते, पण पाणी निम्मे मिळत नाही, कित्येकदा मुळीच मिळत नाही. बोअरच्या पंपाला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि पाणी चढवण्याची उंची फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ताकद निम्मी झाली की फेऱ्या ७९ टक्क्यांच्या आसपास येतात आणि उंची ६३ टक्क्यांवर उतरते. तुमच्याच बोअरचा हिशेब धरा. १२० फूट म्हणजे साडेछत्तीस मीटर. ठिबकला सव्वा किलोच्या जवळपास दाब हवा, तो बारा मीटर पाणी चढवण्याइतका. फिल्टर आणि पाइपातील घर्षणाचे सहा मीटर. एकूण पंचावन्न मीटरच्या जवळ गेलो. पूर्ण उन्हात जास्तीत जास्त ८५ मीटर चढवणारा पंप निम्म्या उन्हात त्रेपन्न-चोपन्न मीटरवर अडतो. मोटार फिरत असते, पंपाच्या कंट्रोलरच्या पडद्यावर आकडे हलत असतात आणि ड्रीपर मात्र कोरडे.

हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पडद्यावर ३४ हर्ट्झ (मोटारीला मिळणारी फ्रिक्वेन्सी, फेऱ्या तिच्यावर ठरतात) दिसत होते, बोअरच्या केसिंगला (बाहेरच्या पाइपाला) कान लावला तर आत घुमण्याचा आवाज येत होता आणि फिल्टरवरचा दाबमापक शून्यावर होता. मी फिल्टर उघडून धुतला, पुन्हा बसवला, शेजाऱ्याला बोलावले, त्याने बोअर आटल्याचे सांगून माझा जीव टांगणीला लावला. साडेनऊला ४१ हर्ट्झ झाले आणि पाणी आपोआप आले. पाणी न उचलता मोटार बराच वेळ अशी फिरत राहणे चांगले नाही, कारण पाणबुडी मोटार भोवतालून वाहणाऱ्या पाण्यावरच थंड होते. म्हणून पंप बसवणाऱ्याकडून किमान फ्रिक्वेन्सी तुमच्या खोलीप्रमाणे ठरवून घ्या. कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवून गेला तर त्याला परत बोलवा.

आता सेन्सरविषयी, आणि इथे मी तुमच्या वडिलांच्या बाजूने आहे. माझेही डाळिंब काळ्या जमिनीत आहे. ही जमीन वाळली की आक्रसते आणि भेगाळते. सेन्सरच्या दांड्याभोवती बोटभर फट पडली आणि त्या बिचाऱ्याने मातीऐवजी हवेचा ओलावा मोजायला सुरुवात केली. त्याच्या मते शेत ठणठणीत कोरडे होते, म्हणून त्या भागाचा व्हॉल्व्ह रोज उघडत राहिला. मी त्या आठवड्यात बाहेरगावी होतो आणि मोबाइलवर ‘सिंचन पूर्ण’ असे हिरवे अक्षर पाहून निश्चिंत होतो. परत आलो तेव्हा त्या तीन ओळींत पाय घोट्यापर्यंत रुतत होता आणि पाने पिवळी पडू लागली होती. त्यातली अकरा झाडे पुढे मर लागून गेली. सेन्सर मी अजून वापरतो, पण तो व्हॉल्व्ह उघडत नाही, फक्त मला आकडा दाखवतो.

शिवाय डाळिंबाला बहार (फुलोरा) धरण्यापूर्वी ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडावे लागते. ‘झाड सुकते आहे, पाणी सोडा’ एवढेच शिकलेल्या यंत्राला ताण ही कल्पना समजावून सांगता येत नाही. ताणाच्या काळात तो भाग हाताने बंद करून ठेवावा लागतो.

पॅनेल पुसणाऱ्या रोबोचे म्हणाल तर तो पैसा सरळ वाचवा. मोठ्या सौर प्रकल्पांत पॅनेलच्या लांबच लांब रांगा असतात आणि पाण्याची टंचाई असते, तिथे तो शोभतो. तुमच्याकडे नऊ-दहा पॅनेल येतील. लांब दांड्याचा मऊ पोछा आणि बादलीभर पाणी पुरे होते. पुसायचे मात्र उन्हे चढण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर शेवटचा हात कोरड्या फडक्याने फिरवावा, नाहीतर पांढरे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा दिसली की ती आधी काढावी. धुळीचा पातळ थर सगळ्या पॅनेलवर सारखा असतो, पण विष्ठेमुळे एकाच ठिकाणी सावली पडते आणि ती जागा तापते.

व्हॉल्व्हमास्तर (नाशिक)

मी द्राक्षबागांमध्ये ऑटोमेशन बसवण्याचे काम करतो, तेव्हा माझे मत धंद्यातल्या माणसाचे आहे हे धरूनच वाचा. डाळिंबवाल्यांनी दाबाचे सांगितले ते शंभर टक्के बरोबर आहे, पण त्यातून ऑटोमेशन नको असा अर्थ कोणी काढू नये. ते वेगळ्या तऱ्हेने करावे लागते.

सौर पंपावर वेळेप्रमाणे पाणी कधीही ठरवू नका. ‘प्रत्येक व्हॉल्व्ह एक तास’ असे लावले तर सकाळच्या भागाला चार हजार लिटर मिळतील, दुपारच्या भागाला बारा हजार, आणि ढग आले तर कोणाला किती मिळाले याचा पत्ताच लागणार नाही. मुख्य पाइपवर पल्स देणारे (ठरावीक पाणी गेले की विद्युत संकेत पाठवणारे) पाणीमीटर बसवा आणि कंट्रोलरला लिटर सांगा. ठरलेले लिटर पूर्ण झाले की पुढचा व्हॉल्व्ह. मग त्याला चाळीस मिनिटे लागोत की दोन तास. तुमच्या यादीत सहा सेन्सर आहेत, पण पाणीमीटर आहे का ते विचारा. बहुतेक नसेल.

दुसरा मुद्दा भागांच्या आकाराचा. टोमॅटोच्या ओळी पाच फुटांवर आणि ड्रीपर ४० सेंटिमीटरवर धरला तर एकरात साडेसहा हजारांहून अधिक ड्रीपर होतात. ताशी दोन लिटरचा ड्रीपर असेल तर एकराला ताशी तेरा हजार लिटर लागतात. तुमचा पंप पंचावन्न मीटरवर भर दुपारी ताशी बारा हजारांच्या आसपास देईल असा माझा अंदाज आहे. म्हणजे एक एकर एकाच व्हॉल्व्हवर घेतले तर भर दुपार सोडून इतर वेळी टोकाच्या ड्रीपरला पुरेसे पाणी मिळणार नाही. अर्ध्या एकराचे भाग करा. सकाळी दहापर्यंत एकच भाग चालू द्या, अकरा ते दोनच्या दरम्यान दोन भाग एकदम, पुन्हा तीननंतर एक. बरा कंट्रोलर असेल तर दाब पाहून हा निर्णय तो स्वतः घेतो.

दिवसाच्या एकूण पाण्याचा हिशेबही मांडून ठेवा. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. चांगल्या उन्हाच्या दिवशी तुमचा पंप साठ ते पासष्ट हजार लिटर उपसेल. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर एवढ्या पाण्यात सलग तीन एकर भिजतात, चार नाहीत. त्यामुळे सामाईक विहिरीची पाळी इतक्यात सोडून देऊ नका.

खताबाबत एक सावधगिरी. व्हेंच्युरी, म्हणजे पाइपावरची खत ओढणारी नळी, दाबाच्या फरकावर खत ओढते. ढग आला, दाब पडला की ते ओढणे बंद, आणि तुम्हाला वाटते सगळ्या भागाला खत गेले. व्हेंच्युरीच ठेवायची असेल तर खते अकरा ते दोनमध्येच सोडा आणि टाकी रिकामी झाली का ते डोळ्यांनी पाहा.

आणि हे फार महत्त्वाचे: पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरच आधीचा बंद झाला पाहिजे. उलटे झाले तर चालू पंपासमोर सगळे दरवाजे बंद होतात आणि भर दुपारी कुठला तरी जोड सुटतो. त्यासाठी जास्तीचा दाब बाहेर सोडणारा सुरक्षेचा व्हॉल्व्ह आणि दाब वाढला की पंप थांबवणारा दाबाचा स्विच दोन्ही बसवा. तो स्विच पंपाच्या कंट्रोलरवरील फ्लोट स्विचच्या (टाकी भरली की पंप थांबवणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलला जोडता येतो. कंट्रोलर उघडून आतल्या वायरी मात्र कोणालाही जोडू देऊ नका. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची देखभाल मिळते आणि गावच्या मेकॅनिकचा हात आत गेलेला दिसला की पुरवठादार अंग काढून घेतो.

थोडक्यात मुद्द्यावर येतो. पहिल्या वर्षी चांगला फिल्टर, पाणीमीटर, दाबाचे संरक्षण आणि चार व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह लॅचिंग प्रकारचे घ्या. त्यांना उघडताना आणि मिटताना क्षणभरच वीज लागते, त्यामुळे लहान बॅटरीवर वर्षभर चालतात. बोअरमधून रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोनवर (पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणाऱ्या फिल्टरवर) काटकसर करू नका, कारण रेतीचा एक कण पडद्याखाली अडकला तरी व्हॉल्व्ह मिटत नाही आणि मोबाइल मात्र तो मिटल्याचेच सांगतो.

शेतकरीण (वाशीम)

मळेकरी दादा, दोन लहान गोष्टी, ज्या कोणाच्याही माहितीपत्रकात नसतात.

व्हॉल्व्हच्या वायरी उघड्या टाकू नका. आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात उंदरांनी सात ठिकाणी कुरतडल्या. नंतर त्या जाड पाइपातून दीड फूट खोल नेल्या आणि जिथे जोड आहे तिथे बांधावर दगड रोवून त्यावर चुन्याने आकडे लिहिले. कागदावरचा नकाशा हरवतो, दगड हरवत नाही. रानडुकरे लॅटरल (ठिबकच्या नळ्या) उकरतात, त्याला मात्र अजून उपाय सापडलेला नाही.

दुसरे म्हणजे, पॅनेलच्या सांगाड्याचे अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) दोन्ही झाल्याचे स्वतः उभे राहून पाहा. अर्थिंगचा खड्डा खणताना मी शेतात होते म्हणून कळले की मीठ-कोळसा न घालताच तो बुजवला जात होता. माणसे वाईट नव्हती, त्यांना त्या दिवशी आणखी दोन शेते उरकायची होती. मी तिथेच बसून राहिले आणि खड्डा पुन्हा खणून घेतला.

बांधावरचा (निवृत्त कृषी पर्यवेक्षक)

सर्वांची उत्तरे वाचली आणि समाधान वाटले. मात्र पाणी शेतात कसे वाटायचे यावरच सगळी चर्चा झाली. बोअरमध्ये पाणी किती आहे हा प्रश्न कोणी विचारला नाही.

विजेच्या पंपाला आठ तासांची मर्यादा होती, आणि डिझेलच्या पंपाला खिशाची. सौर पंपाला दोन्ही नाहीत. ऊन आहे तोवर उपसा फुकट असतो, आणि कंट्रोलर स्वतःहून चालू होणारा असेल तर गरज नसलेल्या दिवशीही पाणी वर येत राहते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. गाळाच्या प्रदेशासारखा खोल साठा इथे नाही. अशा खडकातले बोअर सलग उपसले की लवकर दम तोडते, आणि विश्रांती दिली की काही प्रमाणात सावरते. म्हणून ऑटोमेशनच्या यादीत सर्वांत वर मी पाण्याच्या पातळीचे मापन ठेवीन. महागडे उपकरण नको. दर पंधरा दिवसांनी, पंप रात्रभर बंद राहिल्यानंतर पहाटे, दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडायची आणि ओल कुठवर आली ते मोजून भिंतीवर लिहायचे.

कोरडे चालण्यापासून संरक्षण कंट्रोलरमध्ये असते, पण त्यात दोन प्रकार आहेत हे विसरू नका. पाणी संपल्याने मोटार थांबणे वेगळे, आणि ढगामुळे थांबणे वेगळे. पहिल्या कारणाने थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याआधी निदान अर्धा तास जाऊ द्यावा, म्हणजे बोअर भरायला अवसर मिळतो.

मळेकरींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात आणि पीक निघाल्यावर पॅनेल रिकामी तळपत उभी राहतात. युनिव्हर्सल पंप कंट्रोलर असेल तर त्याच विजेवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते; केंद्राच्या कुसुम योजनेत याला मान्यता आहे. तुमच्या पंपाबरोबर तो येतो का, हे बसवण्याआधी विचारून घ्या. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौर पंपधारकांची सहकारी मंडळी नोंदवली आणि सिंचनातून उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. मला त्यातली खुबी अशी वाटते की, उरलेल्या उन्हाला किंमत मिळाली की माणूस विनाकारण पाणी उपसत नाही. तुमचा पंप ग्रिडला जोडलेला नसेल, त्यामुळे तुम्हाला तो मार्ग आज खुला नाही. पण तुमच्या चुलत्यांच्या विहिरीचा फीडर (तिथे वीज आणणारी वाहिनी) मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आला तर तिथे दिवसा वीज मिळू लागेल, आणि रात्रीची पाळी तशीही संपेल.

जागा उतारावर असेल तर वरच्या अंगाला लहान शेततळे किंवा टाकी करण्याचा विचार करा. सौर पंप तळ्यात पाणी टाकील, त्याला ठिबकच्या दाबाशी देणेघेणे उरणार नाही, आणि सकाळचे कोवळे ऊनसुद्धा वाया जाणार नाही.

डाळिंबवाला (संगमनेर)

पर्यवेक्षक साहेब, पातळी मोजण्याचे मान्य, उद्यापासून मीही करतो. शेततळ्याबाबत मात्र थोडा मतभेद नोंदवतो. वीस बाय वीस मीटरचे तळे म्हटले तरी उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास रोज २,८०० लिटर पाणी उडून जाते. शिवाय उतारावरून ठिबकला एक किलो दाब मिळवायचा तर तळे शेतापेक्षा दहा मीटर उंच हवे. तेवढी उंची नसेल तर तळ्यावर दुसरी मोटार आली. चार एकरांतली दहा-बारा गुंठे जागा तळ्याला आणि त्याच्या भरावाला देणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. झाकलेली टाकी असेल तर गोष्ट वेगळी.

बांधावरचा (निवृत्त कृषी पर्यवेक्षक)

आक्षेप रास्त आहे. दहा मीटर उंची नसेल तर माझी सूचना मागे घेतो. कांदा-गव्हासारख्या पिकाला सारा पद्धतीने पाणी द्यायचे असेल तर तीन-चार मीटर उंचीवरची टाकीही पुरते, एवढेच राखून ठेवतो.

मळेकरी (जुन्नर)

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन तुमच्या उत्तरांची कागदावर केलेली टिपणे वडिलांसमोर ठेवली आणि एक एक मुद्दा वाचून दाखवला. बरेचसे त्यांनी मान हलवत ऐकले. ‘सेन्सर व्हॉल्व्ह उघडत नाही, फक्त आकडा दाखवतो’ या वाक्याला मात्र ते हसले आणि म्हणाले, मग ठेव एखादा, माझी मूठ आणि त्याचा आकडा जुळतात का ते पाहू.

विक्रेत्याला फोन केला. यादीत पाणीमीटर नव्हते. लिटरवर चालणारा कंट्रोलर आहे का विचारले तर ‘वेळेवरच सगळे लावतात’ असे उत्तर आले. दाबाच्या स्विचविषयी त्याने दोन दिवसांनी कळवतो म्हटले. रोबो काढून टाकायला तो लगेच तयार झाला, त्यावरून त्याचाही त्यावर फारसा भरवसा नसावा असे वाटले.

सध्या ठरवले आहे ते असे. पहिल्या हंगामात टोमॅटोच्या दोन एकरांत अर्ध्या एकराचे चार भाग, लॅचिंग व्हॉल्व्ह, पाणीमीटर, हायड्रोसायक्लोनसह फिल्टर आणि दाबाचे संरक्षण. डाळिंबाचे व्हॉल्व्ह हातानेच, निदान पुढचा बहार धरेपर्यंत. तिथे एकच सेन्सर, आणि तोही व्हॉल्व्हला न जोडलेला. उतार पाहिला, वरच्या बांधापासून खालच्या टोकापर्यंत जेमतेम चार मीटर फरक आहे, म्हणून तळे नाही. वायरींसाठी चर खणायला पुढच्या रविवारी दोन माणसे सांगितली आहेत.

काल पहाटे दोरीही सोडली. वडिलांनी जुन्या चरकाच्या लोखंडी नटाला सुतळी बांधली, दर पाच फुटांवर गाठ मारली आणि बावीस गाठी आत गेल्यावर ओल लागली. म्हणजे ११० फूट. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख आणि आकडा लिहिला आहे. एकच शंका उरली: पंप बसल्यावर केसिंगच्या तोंडावर झाकण येईल, पाइप आणि केबल आत असेल, मग दोरी सोडायची कशी? ती केबलीत अडकली तर नसती पंचाईत.

व्हॉल्व्हमास्तर (नाशिक)

पंप उतरवण्याच्या दिवशीच सांगून ठेवा. मुख्य पाइपाबरोबर पाऊण इंची एक मोकळा पाइप पंपाच्या थोडा वरपर्यंत बांधून सोडायचा, खालचे टोक उघडे ठेवायचे, शेवटच्या दोन फुटांना बारीक भोके पाडायची आणि वरचे तोंड झाकणातून बाहेर काढून त्याला टोपी लावायची. दोरी त्याच पाइपातून सोडा, म्हणजे केबलीला लागत नाही. तो लोखंडी नट मात्र बदला, पाऊण इंचीत जाणार नाही. बारीक सळईचा वीतभर तुकडा टोकाला सुतळी बांधून सोडा. पंप उतरवणारी माणसे या पाइपाला कुरकुर करतील, कारण त्यांचा अर्धा तास वाढतो. पंप एकदा खाली गेल्यावर हे काम करायचे म्हणजे सगळे पुन्हा वर काढावे लागते, हे त्यांनाही माहीत असते.